आणखी एक खोका

माझा पिकअप २००३ सालचा आहे. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे खाली चासीला गंज धरलाय. बाकी गाडी ठणठणीत, आणि कोलंबसमधल्या आमच्या मराठी मित्रमंडळात ती सार्वजनिक मालमत्ता आहे. कुणाचा सोफा, कुणाचा फ्रीज, गणपतीचं मखर. नाही म्हणायची वेळ कधी आली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात एक मित्र पिट्सबर्गला राहायला निघाला. सुमारे ३०० किलोमीटर. त्याने ओळखीतून ट्रेलर आणला, अख्खं घर त्यात भरलं आणि फोनवर माझ्या मॉडेलचा आकडा काढून दाखवला: ७,५०० पौंड ओढते. "आपला ट्रेलर सहा हजारांच्या आसपास असेल. विषय संपला."

तो ७,५०० म्हणजे जाहिरातीतला आकडा. गाडी नवी, आत सामान नाही, माणूस म्हणाल तर जवळजवळ एकटा ड्रायव्हर, असं धरून काढलेला. त्यात तेव्हा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो ठरवायची. सगळ्यांना एकच चाचणी नंतर आली, तिचं नाव जे२८०७. ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा लांबलचक चढ, एसी चालू ठेवून, ठरावीक वेगाच्या खाली न येता चढून दाखवायचा. टोयोटाने ती २०११च्या मॉडेलपासून सर्वांत आधी स्वीकारली. माझी गाडी त्याच्या कितीतरी आधीची.

म्हणून मी ट्रकस्टॉपवरच्या वजनकाट्यावर जायचा हट्ट धरला. दाराच्या चौकटीवरचा स्टिकर सांगतो की गाडी, माणसं, सामान सगळं मिळून ६,४०० पौंडांच्या वर जायचं नाही. टाकी भरून, मी आत बसून, नुसती गाडी भरली ५,३००. उरले १,१००. मित्र आणि त्याची आई मिळून ३२०, मागच्या हौद्यातले खोके २००. उरले ५८०. आता ट्रेलर सगळं वजन स्वतःच्या चाकांवर घेत नाही. साधारण १० ते १५ टक्के भार तो गाडीच्या हुकवर टाकतो. तेवढा टाकावाच लागतो, कमी पडला तर मागे ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. १२ टक्के धरले, तर ५८० पौंडांच्या हिशोबाने ट्रेलर फार तर ४,८०० पौंडांचा हवा. काट्यावर तो भरला ६,२००.

"माझंही वजन धरलंस का रे?" काकूंनी खिडकीतून विचारलं.

"धरलं, काकू."

हुकवर जास्त भार पडला की काय होतं, हे मी सांगलीकडे लहानपणापासून पाहिलंय. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, टेपवर गाणी फुल्ल, आणि चढावर पुढची चाकं जमिनीवरून सुटलेली. चाकं सुटली की स्टिअरिंग नावापुरतं. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, त्यामुळे त्या ड्रायव्हरकडे निदान कारण तरी होतं. मला टनामागे काय मिळणार होतं? 'आपला माणूस' म्हणवून घेणं.

मित्राचा युक्तिवाद मात्र वाईट नव्हता. "हा एक खोका काढल्याने गाडी वाचणार आहे का?" नाही वाचणार. "मग हा?" तोही नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या युबुलिडीसच्या नावावर हेच कोडं आहे: वाळूच्या ढिगातून एक कण काढला तर ढीग ढीगच राहतो, मग तो ढीग नसतो केव्हा? कुठलाच खोका एकटा दोषी नाही. म्हणून खोक्यापाशी उभं राहून मर्यादा ठरवता येत नाही. ती सामान भरायच्या आधीच, कुणाचा चेहरा समोर नसताना ठरवावी लागते. मी ती ठरवली नव्हती. माझी चूक तिथे झाली, आणि तिची शिक्षा त्याला मिळत होती.

शिवाय गाडीचं वय. २३ वर्षांच्या, गंजलेल्या गाडीसाठी किती पौंड वजा करायचे, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मी ८०० वजा केले. का ८००? सांगता येणार नाही. पण शून्य वजा करणं हाही अंदाजच आहे, फक्त आपल्या सोयीचा.

"मागच्या वर्षी एवढंच ओढलं होतंस की," तो म्हणाला. ओढलं होतं, सपाट रस्त्यावर, न मोजता. काही झालं नाही म्हणून मी तेव्हा बरोबर होतो असं होत नाही. समोर कुणी अचानक ब्रेक मारला नाही, एवढंच. पिट्सबर्गच्या वाटेवर व्हीलिंगपाशी टेकड्या लागतात. चढाचं मला फारसं काही वाटत नाही, इंजिन जास्तीत जास्त तापेल आणि बाजूला थांबावं लागेल. उतारावर मात्र सहा हजार पौंड मागून ढकलत असतात, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असले तरी ते किती धरतील ते तिथेच कळतं. आम्ही तिघांनी धोका पत्करला, ठीक आहे. पुढच्या गाडीतल्या माणसाला कुणी विचारलंय?

हे मी त्याला नीट सांगू शकलो नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते आपलं नुकसान होतं म्हणून. इथे माझ्या भिडेची किंमत तिसराच कुणी मोजणार होता, आणि म्हणूनच ती बाळगायला इतकी स्वस्त होती.

"मदत करायची नसेल तर तसं सांग," तो शेवटी म्हणाला.

ते लागलं. तरी उतरवलं. उन्हात अडीच तास, दोघंही गप्प. कपाट, पुस्तकं, ट्रेडमिल माझ्या गॅरेजमध्ये गेली. दुसऱ्या काट्यावर ट्रेलर ३,९५० भरला आणि आम्ही संध्याकाळी निघालो. वाटेत काहीही झालं नाही. म्हणजे माझ्याकडे पुरावाही काही नाही.

पुस्तकं आणि कपाट त्याने दुसऱ्या कुणाकरवी नेलं. काकूंनी सांगलीहून आणलेला दगडी पाटा आणि वरवंटा अजून माझ्याकडेच आहे. परवा त्यांचा फोन आला होता, पाटा वापरतोस का म्हणून. आणि हो, मुद्दाम म्हणून नाही पण, तो किती पौंडांचा आहे रे, असंही विचारलं. मी अजून मोजलेला नाही.