कुलूप आणि मंडळी

मार्च २०२० मध्ये देवळं, मशिदी, विहार, चर्च, सगळ्यांनाच कुलूप लागलं. महाराष्ट्रात ते निघालं १६ नोव्हेंबरला. आपल्याला कुलपाचं नवल नाही. मार्च १९३० मध्ये काळारामाचं दार बंद झालं ते काही रोगराईपायी नव्हतं.

मराठी ख्रिस्ती माणूस चर्चच्या लोकांना ‘मंडळी’ म्हणतो. शब्द चांगला आहे. इमारतीला कुलूप लागतं, मंडळीला नाही. त्या दिवसांत ठिकठिकाणच्या मंडळ्यांनी शिधा वाटला, जेवण दिलं. पाटोद्याकडची आपली माणसं तेव्हा ऊसतोडीला गेलेली. कितीक जण कारखान्यांवर खोपीतच अडकले. भाकर कुणाच्या हातची, हे विचारायची चैन त्यांना नव्हती.

आपल्यातला एखादा लगेच म्हणतो, हे बाटवायचे धंदे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर मिशनकडं गेलेल्या महार-मांगांनाही पोटासाठी बाटले म्हणून हिणवलं. हिणवणाऱ्यांची पोटं भरलेली होती. पण देणाऱ्यानं ताटाबरोबर धर्म विचारला तर तो सौदाच. आणि न विचारता दिलं, तरी घेणाऱ्याची मान खाली जातेच ना? शिधा हा सरकारकडचा हक्क होता. तो वेळेवर पोचला असता तर दयेची गरजच काय? हे कोडं मला अजून सुटत नाही.

धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलती आपल्या बौद्धांनाही १९९० पर्यंत नव्हत्या. ख्रिस्ती महार-मांग अजून बाहेरच आहेत. शिधा वाटणाऱ्या मंडळीत आपल्याच वाड्यातले कैक जण. त्यांच्या मोर्च्यात निळे झेंडे मला फारसे दिसले नाहीत.