श्रद्धा, शुभचिंतन आणि जीवाची योग्यता

मनुष्य जसे चिंतन करतो तसे त्याचे भाग्य घडते, हे मत आज इतके सर्वत्र पसरले आहे की ते तपासून पाहण्याची आवश्यकताही कोणास भासत नाही. स्पर्धापरीक्षांच्या वर्गांत, व्यापाऱ्यांच्या मेळाव्यांत, रुग्णाच्या उशाशी बसलेल्या आप्तेष्टांच्या बोलण्यात, आणि अलीकडे प्रवचनांतूनसुद्धा एकच उपदेश ऐकू येतो : मनात यशाचे चित्र धरा, त्यावर पूर्ण विश्वास ठेवा, शंकेला थारा देऊ नका, यश येईलच. या उपदेशाला श्रद्धेचे नाव दिले जाते व पुष्कळदा गीतेचा आधारही जोडला जातो. तो आधार खरोखर आहे की नाही, हे शास्त्राचे अध्ययन करणाऱ्याने पाहणे अगत्याचे आहे. कारण या उपदेशाची एक बाजू सुखावणारी असली तरी दुसरी फार निष्ठुर आहे.

यश विश्वासाने मिळते असे एकदा ठरले की, अपयश विश्वास कमी पडल्याने आले, असे आपोआप ठरते. शेतकऱ्याचा मुलगा पुण्यात खोली घेऊन तीन-चार वर्षे राज्यसेवेचा अभ्यास करतो आणि अंतिम यादीत त्याचे नाव येत नाही. जागा किती होत्या व बसणारे किती होते, हे मग कोणी विचारीत नाही. त्याचा आत्मविश्वासच अपुरा होता, असे सांगून लोक मोकळे होतात. औषधाला दाद न देणाऱ्या रोग्याची अवस्था याहून कठीण होते. देहाची व्यथा आहेच. तीत आपल्या मरणाला आपलेच चिंतन कारण झाले, हा दोष येऊन मिळतो. वास्तविक या समजुतीला प्रत्यक्षाचाही आधार नाही. जेम्स कॉइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डोके व मानेच्या कर्करोगाचे १,०९३ रुग्ण होते. रुग्णाची मनःस्थिती उल्हसित की खिन्न, यावरून त्याच्या आयुर्मर्यादेचा कोणताही अंदाज करता आला नाही. धीर दिल्याने रोग्याला बरे वाटते, म्हणून धीर द्यावा. पण तो दिला नाही तर मरशील, असे सुचविणे ही वाणीने घडणारी हिंसाच होय.

या विचाराचे आजचे रूप अमेरिकेत घडले. एकोणिसाव्या शतकात फिनिअस क्विंबी या घड्याळजीने, रोग हा विपरीत समजुतीतून उद्भवतो व समजूत पालटली की तो जातो, असे मानून उपचार आरंभिले. त्यातून पुढे 'नवविचार' म्हणून ओळखली जाणारी चळवळ निघाली. १९३७ मध्ये नेपोलियन हिल यांनी हाच विचार धनप्राप्तीस लावला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कचे धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी त्याला ख्रिस्ती प्रार्थनेची जोड दिली. २००६ साली निघालेल्या 'द सीक्रेट' या पुस्तकात तर विचारच वस्तूंना ओढून आणतात, असा नियम सांगितला गेला. पीलांच्या ग्रंथात निदान ईश्वरापुढे नम्र होणे तरी होते. 'द सीक्रेट'मध्ये अवघे विश्व हे मागणी पुरविणारे दुकान होऊन बसले. उपास्य गेले आणि मागणी तेवढी उरली!

आता गीतेकडे वळावे. सतराव्या अध्यायात श्रीकृष्ण महाराज पुरुष श्रद्धामय आहे असे सांगतात. ज्याची जशी श्रद्धा तसा तो असतो, असा त्या वचनाचा आशय आहे. शुभचिंतनाचे पुरस्कर्ते याच वचनावर विशेष भर देतात. परंतु येथे शब्दांकडे बारकाईने पाहिले पाहिजे. श्रद्धेप्रमाणे मनुष्य तसा होतो, असे वचन आहे. श्रद्धेप्रमाणे त्याला ते मिळते, असे नाही. पहिल्यात माणसाच्या घडणीची गोष्ट आहे, दुसऱ्यात वस्तूच्या लाभाची. शिवाय तेथेच श्रद्धा सात्त्विक, राजस व तामस अशी त्रिविध सांगितली आहे. श्रद्धा बळकट आहे एवढ्याने ती शुद्ध ठरत नाही.

येथे कोणी शंका घेईल की, सातव्या अध्यायात श्रद्धेने देवतेची आराधना करणाऱ्याच्या कामना पूर्ण होतात, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याची वाट काय? शंका रास्त आहे. पण त्या स्थळी तीन गोष्टी आहेत व त्या सोडून चालत नाही. श्रद्धा आणि फल यांच्यामध्ये आराधनेचे कर्म आहे. ते फल परमेश्वराने ठरविल्याप्रमाणे मिळते, चिंतनाच्या जोराने नव्हे. आणि ते फल अंतवंत असून तेवढ्यावर तृप्त होणारा अल्पबुद्धी होय, असा अभिप्राय लगेच पुढे दिला आहे. देवताफल आणि परमेश्वरप्राप्ती यांतील भेद ज्यांना परिचित आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको.

अठराव्या अध्यायातील विवेचन तर याहून निर्णायक आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. परीक्षार्थ्याच्या उदाहरणात पाहिले तर त्याचे शरीर हे अधिष्ठान, तो स्वतः कर्ता, इंद्रिये, बुद्धी व त्यांच्या साहाय्याला असलेले ग्रंथ ही करणे, रोजचा अभ्यास ही चेष्टा. आणि जागा किती निघाव्या, प्रश्न कोणते यावे, ऐन दिवशी ज्वर यावा की न यावा, हे दैव. शुभचिंतनाचा मार्ग या पाचांतील एकट्या कर्त्याला उचलतो आणि सगळा भार त्याच्या शिरावर ठेवतो. जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला यथार्थ दिसत नाही, असे श्रीकृष्ण महाराजांनी याच पाच कारणांच्या लगोलग सांगितले आहे. त्या पडलेल्या मुलाला कोणी ही पाच कारणे समजावून दिली, तर दोन कारणे आपल्या हाती नव्हती आणि एकात आपण खरोखर उणे पडलो, असे त्याला स्वच्छ दिसेल. तो पुढे काय करावे याचा विचार करू शकेल. आत्मविश्वास कमी पडला, या उत्तरातून मात्र त्याला कोणताच मार्ग दिसत नाही.

मग श्रद्धेला काही सामर्थ्यच नाही काय? तसे मानणेही चूक होईल. विल्यम जेम्स हे वैद्यकाची पदवी घेतलेले तरुण १८७० च्या सुमारास घोर नैराश्यात सापडले होते. त्या वर्षीच्या एप्रिलात रनुव्हिए या फ्रेंच तत्त्वज्ञाचा ग्रंथ वाचून त्यांनी आपल्या रोजनिशीत असा निश्चय लिहिला की, आपली इच्छाशक्ती स्वतंत्र आहे असे मानणे हेच तिचे पहिले स्वतंत्र कृत्य करावयाचे. एवढ्यावर ते थांबले असते तर हेही एक शुभचिंतनच झाले असते. पण त्याच ठिकाणी त्यांनी कोरडे चिंतन बाजूस ठेवून कृतीच्या लहान लहान सवयी साठविण्याचे ठरविले. प्रकृती एकदम सुधारली नाही. १८७३ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागले, आणि १८९० मध्ये मानसशास्त्रावरील त्यांचा मोठा ग्रंथ आला, त्यात सवयीवर स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे त्यांनी दरीवरून उडी घ्यावी लागलेल्या गिर्यारोहकाचे उदाहरण दिले : विश्वास असेल तर पाय स्थिर राहतो, शंका असेल तर तोच पाय डळमळतो. म्हणजे जेथे फल आपल्याच कृतीवर अवलंबून आहे तेथे श्रद्धा ते घडवून आणण्यास साहाय्य करते. दरीची रुंदी मात्र श्रद्धेने कमी होत नाही. हा भेद जेम्स यांनी राखला. त्यांच्या नावावर पुस्तके खपविणाऱ्यांनी राखला नाही.

हाच भेद प्रयोगातही दिसून आला आहे. गॅब्रिएले ओटिंगन व थॉमस वॉडन यांनी १९९१ मध्ये वजन घटविण्यासाठी वर्षभराच्या उपक्रमात आलेल्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हे साधेल, अशी अनुभवावर आधारलेली अपेक्षा ज्यांना होती त्यांचे वजन अधिक उतरले. पण सडपातळ झाल्याची गोड स्वप्ने रंगविणाऱ्यांचे कमी उतरले. मन चित्रातच तृप्त झाले की हात चालेनासे होतात, असा त्याचा अर्थ लावता येतो. भूक लागलेल्याने पक्वान्नाचे ध्यान करावे, तसेच ते.

परमार्गात 'योग्यता' हा शब्द याच ठिकाणी उपयोगी पडतो. व्यक्तीच्या ठायी सुप्त असलेली शक्ती, असे आज ज्याला म्हणतात त्याहून तो निराळा आहे. योग्यता ही आत दडलेली ठेव नव्हे की विश्वासाची किल्ली लावताच ती हाती यावी; ती आचाराने यावी लागते. म्हणूनच सूत्रपाठात विचाराबरोबर आचार प्रकरण आहे, आणि स्मरणासोबत भिक्षा, अटन व विजन यांचा विधी आहे. स्मरण एकटे पुरेसे असते तर पायांना चालविण्याचे कारण नव्हते! म्हाइंभटांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पांडित्याचा अभिमान घेऊन वादास आलेला हा विद्वान सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींना शरण गेला. स्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे सान्निध्य पुन्हा मिळेल असे चित्र रंगवीत ते बसले नाहीत; ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे स्वतः जाऊन, आचार्य श्रीनागदेवांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी त्या एकेक गोळा केल्या. महदाइसेची श्रद्धाही अशीच. ती प्रश्न विचारताना कधी संकोचली नाही. शंकेला थारा न देणारी श्रद्धाच खरी, असे मानणाऱ्यांनी महदाइसेचे प्रश्न अवश्य वाचावेत.

अर्जुनाचा प्रसंगही पुन्हा पाहिला पाहिजे. गांडीव गळून पडले तेव्हा श्रीकृष्ण महाराजांनी त्याला विजयाचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास सांगितले नाही. दुसऱ्या अध्यायात त्यांनी मरण आणि जय, दोन्ही त्याच्यापुढे मांडले, आणि मग ऊठ म्हटले. अकराव्यात जिंकशील असे आश्वासन मिळते खरे. पण ते दहा अध्यायांच्या ज्ञानानंतर, विश्वरूप पाहून भयभीत झालेल्याला, आणि तू निमित्तमात्र हो या आज्ञेसह मिळते. अखेरीस अर्जुन उत्तर देतो त्यात मोह गेला, संदेह गेला, सांगाल तसे करीन, एवढेच आहे. जिंकेन असे तो म्हणत नाही. विजयाचा शब्द त्यानंतर संजयाच्या तोंडी येतो, आणि तेथेही योगेश्वर कृष्णाबरोबर त्याने पार्थाचे नाव घेतले आहे ते धनुष्य धारण केलेला पार्थ असे.