काळा गंज

होळी झाली की पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेची वर्दळ सुरू होते, ती गुढीपाडव्यापर्यंत ओसरत नाही. भटक्यांची पंढरी म्हणतात तिला. गाढवांचा बाजार, रेवड्यांच्या राशी, गडाकडे निघालेल्या काठ्या, आणि खाली मोकळ्या जागेत पाळणे. त्या पाळण्यांच्या शेजारी फळीवर रांगेनं फुगे लावून एक तात्या छऱ्याच्या बंदुकीचं दुकान मांडायचे. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं.

दुकानात बंदुका दोन. त्यातली थोरली वडिलांच्या काळची, नळी मोडून छर्रा भरायची, साडेचार मिलिमीटरची. नेम सरळ होता. तात्यांनी नळीवरची नेम धरायची माशी कधी मुद्दाम वाकडी केली नाही, आणि फुगा फुटला नाही तर गिऱ्हाइकानं स्वतःच्याच हाताला दोष द्यावा इतकी ती बंदूक खरी होती. पण दिसायला मात्र रया गेलेली. मूळचा निळसर काळा रंग माशीच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढा उरला होता. बाकी सगळं करडं, आणि जिथं हात पडतो तिथं तांबडं.

एके वर्षी शेजारच्या दुकानात नवी चकचकीत बंदूक आली. पोरं तिकडं वळू लागली. तात्यांचा मुलगा आयटीआयला फिटरचा कोर्स करत होता. रात्री फुगे फुगवता फुगवता तो म्हणाला, "तात्या, आपली बंदूक भंगारातली दिसती. तिसगावातून काळ्या स्प्रेचा डबा आणतो. एका रात्रीत नवी."

"गंज आधी काढ," तात्या म्हणाले.

"रंगाखाली कुणाला दिसतोय?"

तात्या गप्प बसले. पोरानं डबा आणला, आडोशाला बंदूक टांगली आणि फवारली. सकाळी ती खरंच झळकत होती, आणि त्या दिवशी गल्लाही वाढला. रंगपंचमीला मात्र उन्हानं हात घामेजले. नळी मोडताना जिथं मूठ बसते तिथला रंग आधी फुगला, मग सालपटासारखा निघाला. एका लहान पोराच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळा पंजा उमटला. त्याहून वाईट म्हणजे, नळी जिथं मिटते त्या सांध्यात रंगाचा थर चढल्यानं ती पुरती बसेना. सांध्यातून हवा निसटायची, छर्रा फळीच्या खाली पडायचा. दोन पिढ्यांत पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणालं, "फसवता व्हय?"

तात्यांनी त्याला पैसे परत दिले आणि बंदूक गोणपाटात गुंडाळून ठेवली.

पाडव्यानंतर बापलेक नगरजवळच्या भिंगारला गेले. तिथं लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक नाना होते. घराच्या मागं पत्र्याची शेड, एक जुनं लेथ, एक जड वाईस. नगर शहर रणगाड्यांचं. इथल्या छावणीत चिलखती दलाचं केंद्र आहे आणि रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. अशा गावात लोखंड जपणारी माणसं घडली यात नवल नाही. नानांनी बंदूक हातात घेतली, सांध्यावर अंगठा फिरवला आणि पोराला विचारलं, "रंग कुणी मारला?"

"मी, नाना."

"बरं. मग काढायचाही तूच."

आधी नानांनी बंदूक खोलली. आतली स्प्रिंग दाबाखाली असते, सैल सोडली तर तोंडावर येते, म्हणून ते काम त्यांनी लेथवर पकडून स्वतः केलं. स्प्रिंग आणि चामड्याचा वॉशर बाजूला ठेवला. मग पोराच्या हातात थिनर, रॉकेलची वाटी आणि पॉलिश पेपर दिला, आधी दोनशेवीस नंबर, मग तीनशेवीस, मग चारशे.

रंग गेला आणि खालचा गंज उघडा पडला तेव्हा पोरगा थबकला. नळीच्या टोकाकडं तांबडे डाग चार बोटांच्या आकारात होते, पलीकडून अंगठ्याचा. हजारो माणसांनी बंदूक तिथंच धरून मोडली होती. घामातलं मीठ तिथंच बसलं होतं.

"रोज रात्री तेलाच्या फडक्यानं पुसली असती तर हा पंजा उमटला नसता," नाना म्हणाले. तात्यांनी मान हलवली. त्यांचे वडील पुसायचे. ती सवय मध्येच कुठं तरी सुटली होती.

पोरानं विचारलं, "नाना, एमआयडीसीत पावडर कोटिंग करून मिळतं. दिलं तर?"

"दे की. दस्त्याचे स्क्रू, पट्ट्याची कडी, काही बिघडत नाही. पण थर जाड असतो. सांध्यात गेला तर तुझ्या स्प्रेसारखंच होईल."

"मग कारखान्यात काळं करतात तसं?"

"कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्राइटचं पाणी, एकशे चाळीस अंशांच्या आसपास उकळतं. एक थेंब उडाला तर डोळा जातो. घरच्या चुलीवर ते करायचं नाही."

बाटलीत मिळणाऱ्या, थंडच लावायच्या काळ्या द्रावणाचंही बोलणं निघालं. फडक्यानं पुसायचं, मिनिटात काळं होतं. नाना म्हणाले, स्क्रूच्या डोक्याला, एखाद्या ओरखड्याला ते चांगलं, पण थर इतका पातळ की हाताखाली एक यात्रासुद्धा टिकायचा नाही. "हे बघ, आपल्या नगरातच १५४९ साली मुलूखमैदान तोफ ओतली. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. उन्हापावसात साडेचारशे वर्षांवर झाली, पण ती काशाची आहे, म्हणून तांबडी होत नाही. आपलं लोखंड. लोखंड गंजणारच. मग कोणता गंज चढवायचा ते आपण ठरवायचं."

पोराला ते काही उमगलं नाही. नानांनी त्याला कल्हईवाल्याकडं पिटाळलं. दोन रुपड्यांचा नवसागर, किराणा दुकानातून धुण्याचा सोडा, गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी, हार्डवेअरमधून बारीक स्टीलवूल. सगळं मिळून यात्रेतल्या एका दिवसाच्या चहापाण्याइतका खर्च.

नळीची दोन्ही तोंडं सागाच्या बुचांनी गच्च बंद केली. सोड्याच्या पाण्यानं लोखंड इतकं धुतलं की पाण्याचा थेंब पसरून बसावा. त्यानंतर उघड्या हातानं शिवायचं नाही, हे नानांनी बजावलं होतं. तरी पोराचं एक बोट लागलंच. पहिल्या फेरीला नेमकं तेवढंच ठिपक्याएवढं कोरं राहिलं, रेघांसकट.

नवसागराचं विरळ पाणी फडक्यावर घेऊन लोखंडावरून एकदाच फिरवायचं, ओघळ येऊ द्यायचा नाही. मग रात्रभर बंद कपाटात टांगायचं. उन्हाळ्यात नगरची हवा इतकी कोरडी की गंजसुद्धा चढत नाही, म्हणून कपाटात ओलं गोणपाट आणि गरम पाण्याची बादली. सकाळी पोरानं दार उघडलं तर सगळ्या लोखंडावर मखमलीसारखा बारीक नारिंगी गंज.

"नाना, हे तर आधीपेक्षा वाईट झालं!"

नाना हसले आणि त्यांनी चुलीकडं बोट दाखवलं. दोन विटांच्या चुलींवर लोखंडी पत्र्याचा लांबट हौद, त्यात बॅटरीचं पाणी खळखळत होतं. बोअरचं पाणी वापरायचं नाही, नगरकडचं जड पाणी पांढरे डाग सोडतं. नळी पाण्यात उतरवली. बघता बघता नारिंगी रंग तपकिरी झाला, मग गडद, आणि पंधरा-वीस मिनिटांनी नळी काळीभोर. तांबडा गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खात जातो. उकळत्या पाण्यात त्याचाच घट्ट काळा थर होतो, आणि तो तेल धरून ठेवतो. पोरगा बघतच राहिला. ज्याला झाकायला त्यानं डबा आणला होता, तेच आता रंग बनून बसलं होतं.

वर सुटलेली काळी पूड स्टीलवूलनं हलकेच झाडली की खाली पातळसा करडा थर. "एवढाच?" पोरानं विचारलं. "एवढाच. उद्या पुन्हा," नाना म्हणाले.

दोनतीन फेऱ्यांनी पोराचा धीर सुटला. नानांचा डोळा चुकवून त्यानं नवसागर दुप्पट घातला आणि नळी ओलीचिंब करून टांगली. सकाळी गंज मखमली नव्हता. ओघळांच्या रेषा होत्या, जागोजाग पुटकुळ्या, आणि उकळून झाडल्यावर खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. नाना रागावले नाहीत. त्यांनी पॉलिश पेपर पुढं केला. पोरानं खाली मान घालून नळी पुन्हा पांढरी होईस्तोवर घासली. यावेळी त्यानं नवसागर स्वतःहून चिमटीनं मोजला.

फेऱ्या होत गेल्या. करडा थर निळसर झाला, मग शाईसारखा काळा. चार बोटांचे ते जुने खड्डे मात्र पूर्ण गेले नाहीत. पोरानं ते भरून काढू का विचारलं, तर तात्याच म्हणाले, "राहू दे. घासून घासून नळी पातळ करू नकोस." शेवटी पुन्हा एकदा साध्या पाण्यात उकळून नवसागर पुरता काढला, गरम असतानाच तेल चोळलं, आणि नानांनी स्प्रिंग बसवून दिली. हवेच्या नळकांड्यात तेल ओतू नका, बार होताना ते पेटतं आणि वॉशर जाळतं, हेही सांगितलं. पैसे विचारल्यावर म्हणाले, "मढीची रेवडी आणा."

पुढच्या फाल्गुनात थोरली बंदूक फळीसमोर आली. चकचकीत नव्हती. खोल, संथ काळी होती, आणि छर्रा जिथं नेम धराल तिथं जात होता. रात्री गल्ला मोजण्याआधी पोरगा तेलाचं फडकं घेऊन नळी पुसायचा, मूठ बसते तिथं दोनदा.

शेजारच्या दुकानदाराच्या बंदुकीला आता एका यात्रेचा घाम लागला होता. रंगपंचमीच्या आदल्या रात्री तो आला. "तुझ्या बंदुकीला काय मारलंस रे? माझीपण करून दे की. उद्या गर्दी आहे, रात्रीत होईल ना?"

"रात्रीत नाही व्हायचं, मामा," पोरगा म्हणाला. "आज फक्त रॉकेलनं पुसून तेल लावून देतो, तेवढ्यावर यात्रा निघेल. पाडव्यानंतर भिंगारला घेऊन या. मी तिथं नानांच्या शेडवर असतो. आणि स्प्रिंग तुम्ही काढू नका, ती नानाच काढतील."

मामांनी विचारलं, किती दिवस लागतील.

"गंज कसा चढतो त्यावर आहे," पोरगा म्हणाला, आणि रॉकेलची वाटी घ्यायला आत गेला.