प्रोषितभर्तृकेचं हसू

पाचाडला जिजाबाईंच्या समाधीपाशी आठवण निघते ती त्यांच्यातल्या आईची. त्या एका लढवय्याच्या पत्नीही होत्या, याचा उल्लेख क्वचित होतो. १६३६ नंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले आणि जानेवारी १६६४ मध्ये होदिगेरेला शिकारीत घोड्यावरून पडून वारले. मधल्या वर्षांपैकी बरीचशी जिजाबाईंनी पतीपासून दूर, पुणे प्रांताचा कारभार सांभाळण्यात काढली. नवरा परमुलखात असलेल्या स्त्रीला धर्मशास्त्र प्रोषितभर्तृका म्हणतं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात तिला पाच गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत: खेळ, देहाची सजावट, मेळावे नि उत्सव पाहणं, परक्या घरी जाणं, आणि हसणं. आज परदेशांतल्या लष्करी तळांवर राहणाऱ्या काही सैनिकपत्नी स्टँड-अप कॉमेडी करतात. वारंवारच्या बदल्या, अनोळखी गाव, नवरा मोहिमेवर असतानाच्या रात्री हेच त्यांचे विषय. नवरा जिवावर उदार झालेला असताना बायकोनं लोकांना हसवावं का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न म्हणजे त्या जुन्या निषेधाचंच आजचं रूप आहे. जिथल्या फौजी आंबवड्यासारख्या गावातून पिढ्यान्‌पिढ्या मुलं पलटणीत जातात, त्या महाड तालुक्यात तरी तो प्रश्न पुस्तकी राहत नाही.

अशा स्त्रीनं हसणं आणि हसवणं धर्माला सोडून नाही, असं माझं मत आहे. स्मृतीच्या निषेधामागे एक समजूत आहे: जी हसते ती सुखात आहे, आणि नवऱ्यावाचून सुखात असलेली बाई संशयास्पद. ही समजूत हवेतून आलेली नाही. नाट्यशास्त्रही हास्याचा उगम शृंगारात सांगतं. पण तेच नाट्यशास्त्र पहिल्या अध्यायात नाट्याचा हेतू सांगताना दुःखानं, श्रमानं आणि शोकानं पोळलेल्यांना विसावा मिळावा, असं म्हणतं. म्हणजे रंगभूमीवरचं हसू सुखी माणसासाठी राखून ठेवलेलं नाही. ज्याला दुःख आहे त्याचा तर त्यावर पहिला हक्क. शिवाय त्या पाच निषेधांपैकी बाकीच्यांचं काय झालं, हेही पाहावं. जिजाबाई चार लोकांत बसल्या, रयतेची गाऱ्हाणी ऐकत राहिल्या. त्याला मराठी माणसानं कधी अधर्म म्हटलेलं नाही. मेळाव्याचा निषेध आपण आदरानं बाजूला ठेवला, मग हसण्याचाच तेवढा का धरून ठेवायचा?

आपल्याकडे याचं उत्तर एकनाथांनी सोळाव्या शतकातच दिलं आहे. त्यांच्या रोडग्याच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला नवस बोलते. सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर असा एकेकाचा बंदोबस्त मागते, नवऱ्यालाही सोडत नाही, आणि शेवटी मला एकटीलाच राहू दे म्हणते. कीर्तनात हे ऐकताना बायका खळखळून हसतात. यावर जाणकार आक्षेप घेतील की ते रूपक आहे: सासर म्हणजे प्रपंच, एकटी उरणं म्हणजे अद्वैत, त्याचा घरगुती विनोदाशी काय संबंध? संबंध आहे, कारण घरातला जाच खरा नसता तर रूपक उभंच राहिलं नसतं. ऐकणारीला आधी आपलं घर दिसतं, हसू येतं, आणि त्या हसण्यात घराची पकड क्षणभर सैल होते. अर्थ त्या सैल जागेतून आत शिरतो. फार काळ ही सोंगं पुरुषांनी लुगडी नेसून वठवली. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडींसारख्या स्त्रिया भारूड करू लागल्या तेव्हा बाईचं गाऱ्हाणं बाईच्या तोंडी आलं. माइकसमोर उभी राहणारी सैनिकपत्नी याहून वेगळं काय करते?

रामदासांचा आक्षेप मात्र टाळता येणार नाही. महाड तालुक्यातल्याच शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला, असं मानतात, आणि विनोद टवाळांना आवडतो हे त्यातलं मत मराठी माणसाला पाठ आहे. पण ते येतं सातव्या दशकाच्या नवव्या समासात, श्रवणनिरूपणात. कोणत्या स्वभावाच्या माणसाला काय गोड लागतं, याच्या यादीत. तिथे रोख आहे टवाळाच्या रुचीवर. दुःखाकडे नीट पाहून बोललेल्या विनोदाला ते लागू होत नाही.

याहून अवघड आक्षेप शोकाचा आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या एप्रिलमध्ये, मेसोपोटेमियातल्या कुतचा वेढा शरणागतीत संपला, तेव्हा आत मराठा पलटणीही होत्या. ज्या घरांत पत्रं येणं थांबलं, तिथे हसण्याचं समर्थन कोण करील? मीही करणार नाही. सैनिकाच्या मरणावर विनोद करण्याचा हक्क कोणाला आहे असं मला वाटत नाही, त्याच्या पत्नीलाही नाही. पण ती बहुधा मरणावर बोलतच नाही. ती बोलते वाट पाहण्यावर, आणि वाट पाहणं सर्वस्वी तिचं आहे. त्या वर्षांना ना पदक ना पेन्शन. पोवाड्यात त्यांना कडवं नाही, गावच्या वेशीतल्या स्मारकशिळेवर ओळ नाही. ती वर्षं कोणत्या सुरात सांगायची, हे ती जगलेल्या बाईनंच ठरवायचं.