करंट कधी द्यायचा?

लकवा मारलेल्या माणसाला वसमतमध्ये पहिला सल्ला मिळतो मालिशचा, दुसरा कुठल्यातरी गावच्या झाडपाल्याचा. करंटच्या मशीनचे नाव बरेच उशिरा निघते. मशीन लावले तरी रुग्ण खाटेवर नुसता पडून राहतो, करंटने मनगट आपोआप उडत राहते आणि काही दिवसांनी घरचे म्हणतात, "करंट पण देऊन बघितला, फरक नाही."

मेंदूत गुठळी अडकली किंवा रक्तस्राव झाला, तरी हातापायाचे स्नायू मरत नाहीत. कण्यापासून त्यांच्याकडे जाणाऱ्या नसाही शाबूत असतात. तुटतो तो मेंदूकडून येणारा हुकूम. म्हणून बाहेरून वीज दिली की स्नायू आकसतो. मात्र त्या आकसण्यामागे रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न नसेल, तर मेंदू त्यातून फारसे काही शिकत नाही.

व्लादिमीर लिबरसन यांनी १९६१ साली पाय घासत चालणाऱ्या रुग्णांसाठी केलेले यंत्र मला या बाबतीत फार मोलाचे वाटते. बुटाच्या टाचेखाली एक बटण. चालताना टाच उचलली की गुडघ्याखालच्या नसेला वीज मिळायची आणि लोंबणारे पाऊल वर यायचे. टाच टेकली की वीज बंद. सगळी करामत वेळ साधण्यात होती. माणूस पाऊल टाकायला निघाला, त्याच क्षणी मदत पोचत होती. अशा सरावानंतर काही रुग्ण यंत्राशिवायही पाऊल उचलू लागल्याचे लिबरसन यांनी नोंदवून ठेवले आहे.

पुढची मोठी कामे याच वाटेने गेली. अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळालेल्या एका उपचारात रुग्ण लकव्याने कमजोर झालेल्या हाताने काम करत असतानाच मानेतल्या व्हेगस नसेला वीज देतात. नेदरलँड्सचे गेर्ट-यान ऑस्कम यांच्या मज्जारज्जूला सायकल अपघातात इजा झाली होती. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या पथकाने त्यांच्या मेंदूतला चालण्याचा इरादा टिपून इजेच्या खालच्या मज्जारज्जूपर्यंत पोचवला. हे काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घ सरावानंतर यंत्र बंद असतानाही ऑस्कम कुबड्यांच्या आधाराने चालू शकले.

लोझानचे तंत्र आपल्याकडे कधी येईल, याची वाट वसमतने पाहत बसू नये. करंटचे साधे मशीन महाग नाही, ते लहान फिजिओथेरपी दवाखान्यातही असते. अडते ते महिनोन्महिने चालणाऱ्या सरावापाशी. त्यासाठी नांदेड गाठायचे तर जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर पडतात, आणि सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. हळद काढणीच्या, शिजवणीच्या दिवसांत तर घरात मोकळे माणूसच नसते. मग उपचार सुटतो आणि दोष मशीनला लागतो. हा दोष व्यवस्थेचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात रोज भेटणारा फिजिओथेरपिस्ट ही चैन नव्हे, औषधाइतकीच गरज आहे.

तोवर घरच्यांनी एवढे तरी करावे. छातीत पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करंट लावू नये. इतरांनीही मशीन कुठे आणि किती लावायचे, ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. आणि दर वेळी रुग्णाला आधी म्हणावे, "दादा, मूठ उघडायचा जोर लावा." जोर लागला, की मग करंट सोडावा.