पाहुण्याचे ऋण

कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा हा जायफळासाठी प्रसिद्ध असलेला चिमुकला देश आहे; लोकसंख्या लाखाहून थोडी अधिक. तेथील सेंट जॉर्जेस विद्यापीठात १९७७ पासून वैद्यकीय शिक्षण दिले जाते. विद्यार्थी बहुतेक परदेशी. त्यांत भारतीय वंशाचेही असतात.

अशा एखाद्या नवागताचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी व्याख्याने, दुपारी शरीररचनेचा अभ्यास, रात्री उशिरापर्यंत वाचन. समुद्र हाकेच्या अंतरावर. पण परीक्षा जवळ आली की तोही दिसेनासा होतो! गच्च भरलेल्या मिनीबसमध्ये चढणारा स्थानिक मनुष्य सर्वांना 'सुप्रभात' म्हणतो. आपला विद्यार्थी पुस्तकातून मान वर करीत नाही. दोन वर्षांनी तो रुग्णालयातील शिक्षणासाठी बहुधा अमेरिकेस जाणार आणि पुढे तिकडेच डॉक्टर होणार.

या बेटाचे त्याच्यावर काही ऋण आहे काय? शुल्क भरले, भाडे दिले, व्यवहार संपला, असे तुम्ही म्हणाल. परंतु सप्टेंबर २००४ मध्ये 'आयव्हन' वादळाने तेथील सुमारे ९० टक्के घरांची हानी केली, तेव्हा विद्यार्थ्यांना अमेरिकेत हलवून त्यांचे शिक्षण चालू ठेवण्यात आले. ते योग्यच झाले. बेटावरची माणसे मात्र उडालेल्या छपरांखालीच राहिली. शेजाऱ्यांपैकी एकालाच निघून जाण्याची सोय असावी, हा भेद भाड्याच्या कोणत्या पावतीत बसतो?

त्याने तेथेच जन्म काढावा, असे मी म्हणणार नाही. तो अधिकार कोणालाच नाही. पण ज्यांच्या गावात तो रोग ओळखायला शिकला, त्यांतील चार माणसे तरी त्याने नावानिशी ओळखावीत. त्या 'सुप्रभात'ला उत्तर देण्यास कितीसा वेळ लागतो?