शाळेच्या बापाचे नाव

यतीम मुलाला आपल्या घरात वाढवणे हे इस्लामने मोठ्या सवाबाचे काम मानले आहे. पण त्याच्या बापाचे नाव बदलण्याची मुभा दिलेली नाही. हजरत जैद बिन हारिसा यांना पैगंबरांनी (स.) पोटच्या मुलासारखे वाढवले. लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले होते. सूरह अहजाबमधील आदेशानंतर ते पुन्हा हारिसाचे पुत्र म्हणून ओळखले जाऊ लागले. माया तसूभरही आटली नाही. नाव तेवढे ज्याचे त्याला परत गेले.

महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘दत्तक शाळा योजना’ काढली, तेव्हा ‘दत्तक’ या शब्दाशी मी अडखळलो. सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची, रोख रक्कम न देता वस्तू आणि सेवा पुरवायच्या, आणि त्या मुदतीपुरते आपल्या पसंतीचे नाव शाळेच्या नावाला जोडून घ्यायचे. ग्रामीण भागासाठी पाच वर्षांचे मोल ५० लाख, दहा वर्षांचे एक कोटी. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यात एका मद्य बनवणाऱ्या कंपनीने शाळा दत्तक घेतली म्हणून गदारोळ झाला. तो व्हायलाच हवा होता. पण कंपनी दुधाची असती तर? तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या, आणि खरी अडचण तीच आहे.

साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कूलचे नाव बदलले तर मोठी देणगी देतो, असे एक धनिक म्हणाला आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी, बापाचे नाव बदलीन पण शाळेचे नाही, या अर्थाचे उत्तर देऊन ती परतवली, ही गोष्ट मराठी मुलखात घरोघर सांगितली जाते. दुसरीकडे सर सय्यद अहमद खान. अलीगढच्या कॉलेजसाठी ते दारोदार फिरले आणि देणाऱ्यांची नावे त्यांनी इमारतीच्या दगडांत कोरून घेतली. त्यात हिंदूंचीही नावे आहेत. मला या दोघांत विरोध दिसत नाही. भिंतीवर कोरलेले नाव ही पावती असते. फाटकावरचे नाव मालकी सांगते.

अर्थात जिंतूर तालुक्यातल्या आमच्या बोरीसारख्या गावात ५० लाख घेऊन कोणी येणार नाही, आणि उर्दू शाळेकडे तर नाहीच नाही. अशा शाळेला देणारा म्हणजे आखातात गेलेला एखादा मुलगा, शिलाईकाम करणारा, कोंबडीचे दुकानवाला. तो पंखा देतो, पाण्याची टाकी देतो. ‘लोकसहभाग’ हा सरकारी शब्द २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर गावोगाव रुळला, वर्गात प्रोजेक्टर आले. चांगलेच झाले. पण सहभागाची हळूहळू अपेक्षा होते आणि अपेक्षेची वर्गणी. शिवाय हा पैसा जकातीचा नसतो. हनफी मसलकाप्रमाणे जकात गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते, भिंतीला जकात देता येत नाही. म्हणजे फरशी बसवायची तर जकात काढून झाल्यावर जे उरते त्यातूनच.

पंख्या-फरशीपर्यंत माझी फारशी तक्रार नाही. कठीण प्रश्न शिक्षकाचा आहे. उर्दू माध्यमात आरक्षणाच्या बिंदूवरची अनेक पदे पात्र उमेदवार न मिळाल्याने भरतीमागून भरती रिकामी राहतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितले आहेत. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त असू नयेत, असेही त्यात आहे. मग जमातीने वर्गणी काढून गावातल्या एखाद्या डी.एड. झालेल्या मुलीला नेमावे का?

नेमू नये म्हणणारे सांगतात, गाव पगार देऊ लागले की सरकार सुटले. जो हक्क होता तो एहसान झाला. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्याची किंमत कोण मोजतो? तिसरीतले मूल. त्याचे तिसरीचे वर्ष पुढे कोणी भरून देत नाही. सरकारला जाब विचारायचा म्हणून लेकराला उपोषणाला बसवणे मला मान्य नाही. तेव्हा मुलगी नेमावी, पगार द्यावा. मात्र त्या पगाराला सदका म्हणू नये. ज्याच्यावर हे देणे आहे त्याच्या खात्यावर तो मांडावा.

यासाठी फार काही लागत नाही. दर महिन्याला शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र जावे: अमुक पद अमुक तारखेपासून रिक्त, या महिन्याचे इतके रुपये गावाने भरले. पद भरेपर्यंत एकही महिना चुकू नये, आणि पद भरले की गावाने हात काढून घ्यावा. ज्यांनी पैसे दिले त्यांची नावे पत्रात असू नयेत. उजव्या हाताचे डाव्याला न कळू देण्याची शिकवण आपल्याला आहेच. पोच घेतलेल्या प्रती एका फायलीत लावाव्यात, आणि शाळेला भेट द्यायला साहेब आले की हजेरीपटाबरोबर तीही फाईल टेबलावर ठेवावी.